ऑनलाईन दुकानातलं 'तुलना करा' बटण: ४६ ओळींचा तक्ता नक्की कोण वाचतं?

रेघोटी
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, जरा लांबण लावते.
मी एका घरगुती उपकरणांच्या दुकानासाठी ऑनलाईन स्टोअरचं डिझाईन करतेय. मूळ दुकानं कोल्हापूर आणि सांगलीत, माल म्हणजे मिक्सर, फ्रीज, गीझर, एसी, वॉटर प्युरिफायर वगैरे. मालकांना 'तुलना करा' हे फीचर हवंय. डेव्हलपरने कंपन्यांकडून आलेल्या एक्सेल शीट जशाच्या तशा जोडून तक्ता केला, तर मिक्सरच्या तुलनेत ४६ ओळी आल्या! मूळ देश, बॉक्सची उंची, बॉडीचा रंग, सगळं. आणि शेजारी शेजारी चार मिक्सर. फोनवर उघडलं की एक मिक्सर पूर्ण दिसतो, दुसरा अर्धा, बाकीचे कुठेतरी उजवीकडे. आमचं बहुतेक गिऱ्हाईक फोनवरूनच येतं.
माझं मत असं की फीचर हवंच, पण गिऱ्हाईकाला फक्त 'या दोघांत माझ्या कामाचा फरक काय' एवढं कळायला हवं. तर किती वस्तू एकावेळी ठेवाव्यात, कुठल्या ओळी वर घ्याव्यात, आणि शीटमध्ये माहितीच नसेल तर काय दाखवावं? अनुभव सांगा, वापरणाऱ्यांचेही आणि बनवणाऱ्यांचेही.

कुटाची_वाटी
वापरणारी बोलतेय. मी तुलना उघडते आणि किंमत बघून बंद करते. बाकीचं मला कळतच नाही, ७५० वॅट आणि ५०० वॅट यात माझ्या दाण्याच्या कुटाला काय फरक पडणार ते कुणी लिहीतच नाही.

विजापूर_रोड
मी उलट आहे, मला सगळ्या ४६ ओळी हव्यात. उदाहरण देतो, आमच्या ओट्यापासून प्लग लांब आहे, त्यामुळे वायरची लांबी ही माझ्यासाठी पहिली ओळ. तुम्ही 'कोण बघतंय' म्हणून ती काढून टाकलीत की मी दुसऱ्या साईटवर गेलो म्हणून समजा. कुणाला काय लागतं ते डिझायनरने ठरवू नये.

डेटा_मामा
@विजापूर_रोड, काढायच्या नाहीत, खाली ठेवायच्या. वर ७-८ ओळी आणि 'सगळी माहिती' दाबलं की उरलेल्या. शिवाय 'फक्त फरक दाखवा' असा टॉगल हवाच, चारही मिक्सरना दोन वर्षांची वॉरंटी असेल तर ती ओळ निर्णयाच्या कामाची नाही. आणि एखादी ओळ धरून वर लावता आली तर तुमची वायर पण वर जाईल.

आता @रेघोटी तुझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण माझ्या मते खरा घोळ तिथेच होतो. डेटाबेसमध्ये प्रत्येक गुणाला तीन अवस्था असाव्यात: आहे, नाही, आणि कंपनीने सांगितलेलं नाही. बहुतेक ठिकाणी तिसरी अवस्था नसते, रकाना रिकामा असला की लाल फुली छापतात. मिक्सरचंच घे. उलटा केला की बुडाला एक लाल बटण असतं, ओव्हरलोडचं, जास्त लोड आला की ते उडतं आणि मोटर वाचते. जवळपास सगळ्या मिक्सरना असतं. पण एखाद्या कंपनीने शीटमध्ये ते लिहिलं नाही तर तुमच्या तक्त्यात फुली, आणि गिऱ्हाईक म्हणणार याला सेफ्टी नाही. आपण त्या वस्तूबद्दल धडधडीत खोटं सांगितलेलं असतं. तिथे 'माहिती मिळालेली नाही' असंच पूर्ण लिहावं, डॅश सुद्धा नको, डॅशचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो.

दुसरं, युनिट. एसीच्या शीटमध्ये थंड करायची क्षमता एकजण '१.५ टन' लिहितो, दुसरा '१८००० बीटीयू', तिसरा '५.३ किलोवॅट'. तिन्ही जवळपास एकच, १ टन म्हणजे तासाला १२००० बीटीयू. पण प्रोग्रामला ते तीन वेगळे शब्द दिसतात, म्हणून 'फक्त फरक दाखवा' दाबल्यावर ही ओळ नक्की येणार, जिथे फरकच नाही. आधी शीट धुऊन घ्या, बटण नंतर.

सोलकढी_प्लीज
शीट धुणे! उन्हात वाळत पण घालायची का मामा :)

काउंटरवरून
मी दुकानात काउंटरला होतो, उमर त्यातच गेली. आमचा कंपेअर कसा चालायचा ते सांगतो. गिऱ्हाईक आलं की डबे काढायच्या आधी विचारायचं, घरात माणसं किती, ओल्या खोबऱ्याचं वाटण रोज असतं का सणासुदीला, इडलीचं पीठ घरी वाटता का, ओट्यावर जागा किती. तेवढ्यावर निम्मा माल आपोआप बाद होतो. मग तीन डबे काढायचे. चौथा काढला की 'घरी विचारून सांगतो' म्हणून गिऱ्हाईक निघालंच. आणि डबा समोर ठेवला की वॅट नाही सांगायचे, बायका आधी भांड्याचं झाकण लावून बघतात घट्ट बसतंय का, मग चटणीच्या भांड्यात बोट घालून बघतात पातं तळाला किती टेकलंय, कारण पातं वर असलं तर थोडी चटणी वाटलीच जात नाही, कडेला उडून बसते. ही ओळ तुमच्या ४६ मध्ये आहे का बघा ताई.

कुटाची_वाटी
काका अगदी अगदी!! चार मिरच्या आणि दोन लसूण पाकळ्या टाकल्या की पातं नुसतं वरून गरगर फिरतं. 'कमीत कमी किती वाटता येतं' अशी ओळ कुठल्याच साईटवर बघितली नाही मी.

रेघोटी
काका, नाहीये ती ओळ. भांड्याची लिटरमध्ये क्षमता आहे फक्त, तीही जास्तीत जास्त. हे मी लिहून घेतलं. पण हा डेटा कंपनी देणार नाही, दुकानातच मोजावा लागेल.

तिरपा_पाऊस
तीन डब्यांवरून आठवलं, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा जॅमचा प्रयोग प्रसिद्ध आहे, २००० साली छापून आला. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी घेतले, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. म्हणजे काका शास्त्रीय बोलतायत.

डेटा_मामा
तो प्रयोग खरा, पण तेवढ्यावर उडी नको. २०१० मध्ये शाइबेहेन्ने आणि मंडळींनी अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र केले तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. कधी जास्त पर्याय त्रास देतात, कधी नाही. गिऱ्हाईकाला आपल्याला काय हवंय ते आधीच माहीत असलं तर पर्यायांचा जाच कमी. काकांच्या गोष्टीत माझ्या मते तीन डब्यांपेक्षा ते आधीचे प्रश्न महत्त्वाचे आहेत. तुलनेच्या पानाआधी दोन-तीन प्रश्न विचारून यादी छाटली तर पुढे तीन असोत का चार.

विजापूर_रोड
प्रश्न विचारणारे फॉर्म मी बंद करतो. मोबाईल नंबर मागण्याची ती पहिली पायरी असते.

डेटा_मामा
मग नंबर मागायचा नाही आणि प्रश्न टाळून पुढे जाता यायला हवं. सोपं आहे.

म्युन्शेनची_मिसळ
इथल्या अनुभवाची भर घालते. युरोपात फ्रीज, वॉशिंग मशीन, डिशवॉशर यांची ऊर्जेची लेबलं मार्च २०२१ पासून बदलली. आधी ए प्लस प्लस प्लस असा प्रकार होता, सगळेच वरच्या खान्यात गर्दी करून बसलेले, म्हणून पट्टी नव्याने ए ते जी केली. लेबलवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की ईप्रेल नावाच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये त्या मॉडेलचं पान उघडतं. त्यामुळे दुकान कुठलंही असो, युनिट आणि आवाजाचे डेसिबल एकाच जागेवरून आलेले असतात. शिवाय श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था आहे, १९६४ सालची, ती वस्तू गपचूप दुकानातून विकत घेऊन तपासते. मी तक्त्यात आधी त्यांचे गुण बघते. आपल्याकडे एवढी सोय नाही, पण @रेघोटी निदान एसी-फ्रीजचे आकडे कंपनीच्या शीटवरून न घेता बीईईच्या (विजेचे स्टार देणारी सरकारी संस्था) साईटवर मॉडेल नंबर टाकून पडताळून घे.

शेवंती
बीईईवरून, नुसते स्टार दाखवू नका ही विनंती. स्टारची पट्टी मधूनमधून कडक होते. १ जुलै २०२२ ला एसीची पट्टी एक घर सरकली, आधी स्प्लिट एसीला आयसीअर (खर्च झालेल्या विजेत किती थंडावा मिळतो त्याचा आकडा, जास्त तितका चांगला) ४.५ असला की ५ स्टार मिळायचे, मग ५.० लागायला लागले. म्हणजे काल ५ स्टार असलेलं तेच मशीन आज ४ स्टार. लेबलवर काळ छापलेला असतो. तक्त्यात जुना स्टॉक आणि नवा स्टॉक शेजारी ठेवलात आणि दोन्हीकडे नुसते ५ चांदण्या काढल्यात तर ती फसवणूकच की. वर्षाला किती युनिट, हा आकडा ठेवा.

आणि तो पण रुपयांत करून द्या. समजा एकाच्या लेबलवर ७५० युनिट आहेत आणि दुसऱ्याच्या ९५०. फरक २०० युनिटचा. तुमच्या स्लॅबला युनिट १० रुपये पडत असेल तर वर्षाला २००० रुपये. महागडा एसी ६००० ने महाग असेल तर तीन वर्षांत वसूल. पण हे आकडे वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढतात. आमच्याकडे नाशिकला एसी दोन-अडीच महिने, तोही रात्री, म्हणजे त्याच्या निम्मा पण चालत नाही, मग वसुलीला सहा वर्षांहून जास्त. नागपूरचं गणित वेगळं येणार. म्हणून तक्त्यात दोन रकाने भरायला द्या, दिवसाला किती तास आणि वर्षातले किती महिने, बाकीचं पानाने करावं.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरचं नाव निघालं म्हणून आलो. इथं मार्चपासून लावतो तो जूनपर्यंत बंदच नाही होत, अन आमच्याकडे कूलर पण आहे. एसीच्या तक्त्यात कूलर टाकू देता का? लोकं खरी तुलना तीच करून राहिले ना, दीड टनी एसी घ्यावा का मोठा कूलर. साईट म्हणते 'वेगळ्या प्रकारच्या वस्तूंची तुलना होत नाही'.

रेघोटी
@वऱ्हाडी_ठेचा, भारी मुद्दा. आमच्या डेव्हलपरने पण कॅटेगरी वेगळी असली की अडवलंय. मिक्सर आणि फ्रीज अडवणं ठीक, पण एसी-कूलर, तीन लिटरचा इन्स्टंट गीझर आणि पंधरा लिटरचा स्टोरेज गीझर, ह्या जोड्या उघडायलाच हव्यात. ओळी थोड्या असतील, किंमत, वीज, पाणी लागतं का, भिंत फोडावी लागते का.

तिरपा_पाऊस
गीझरला बार प्रेशरची, म्हणजे टाकी पाण्याचा किती दाब सोसते ती ओळ वर घ्या. आम्ही बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो, वरच्या टाकीचं पाणी प्रेशर पंपाने येतं, ८ बारचा घ्यावा लागतो. बैठ्या घराला त्याचं काही नाही.

डेटा_मामा
यावरून हिरव्या रंगाबद्दल बोलतो. पुष्कळ साईट प्रत्येक ओळीत 'जिंकलेला' रकाना हिरवा करतात. हे आंधळेपणाने करू नका. मिक्सरला वॅट जास्त म्हणजे जड वाटणाला जोर, एसीला वॅट जास्त म्हणजे बिल जास्त, आणि गीझरला वॅट जास्त म्हणजे पाणी लवकर तापेल पण घरातलं वायरिंग तेवढ्या लोडचं हवं. एकच शब्द, तीन दिशा. माणसाने बसून ओळ-ओळ ठरवायचं, आणि जिथे दिशा नाही तिथे रंग नाही.

खान्देशी_भरीत
वॉटर प्युरिफायरचा तक्ता तर हमखास चुकीच्या दिशेने नेतो. एकाला आरओ, यूव्ही, यूएफ या पाणी शुद्ध करायच्या तिन्ही पद्धतींना टिक, दुसऱ्याला फक्त यूव्ही आणि यूएफ. बघणारा म्हणणार तीन टिकवालं भारी. पण नळाचं पाणी गोडं असेल, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १५०-२०० असेल, तर आरओ कशाला? पाणी वाया जातं ते वेगळं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं खारं पाणी असलं तर आरओ हवाच. म्हणजे ही ओळ 'तुमचं पाणी कुठलं' हे विचारल्याशिवाय दाखवूच नये. माझ्या मावशीला असंच नळाच्या पाण्याला आरओ गळ्यात मारलं, दुकानाचं नाव घेत नाही, आता ती वाया जाणारं पाणी बादलीत धरून धुणं भिजवते.

सोलकढी_प्लीज
मावशींना सलाम. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती, महिन्याचं सामान सगळ्या घरांचं एकत्र यायचं आणि बायका एकमेकींकडे बसून वाटप करायच्या. तेलाचे, साबणाचे प्रकार मोजकेच, कारण निवड आधीच कुणीतरी नीट बघून केलेली असायची. लहानपणी मला वाटायचं जगात साबणच तेवढे आहेत. विषयांतर झालं पण तक्त्यापेक्षा मला तसं कुणीतरी विश्वासाचं माणूस आवडेल.

मार्केटवाला
मी मार्केटिंगमध्ये आहे, जरा दुसरी बाजू. दुकानाला मार्जिनही बघावं लागतं. गिऱ्हाईकाने दोन मिक्सर निवडले तर तिसऱ्या कॉलममध्ये आपला जास्त मार्जिनचा मिक्सर आपोआप दाखवावा, यात गैर काय? काउंटरवर पण तेच करतात. एखाद्या पर्यायासारखाच पण त्याहून थोडा वाईट असा तिसरा ठेवला की तो चांगला पर्याय उठून दिसतो, ह्यूबर, पेन आणि प्यूटो यांनी १९८२ मध्येच दाखवलंय.

शेवंती
गैर हे की गिऱ्हाईकाने तो निवडलेला नाही. तक्ता 'मी निवडलेल्या वस्तू' म्हणून वाचला जातो, त्यात तुम्ही जाहिरात घुसवताय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नची, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या डिझाईनच्या युक्त्यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १३ प्रकार दिलेत, त्यात छुपी जाहिरात आहेच. दाखवायचाच तर तक्त्याबाहेर, खाली, 'प्रायोजित' लिहून.

मार्केटवाला
लेबल लावून दाखवायला माझी ना नाही. पण बाहेर ठेवलं तर कुणी बघत नाही हो.

काउंटरवरून
साहेब, काउंटरवर सगळे तसं करतात असं नाही. जो करतो त्याच्याकडे गिऱ्हाईक मिक्सर घेतं आणि फ्रीजला दुसरीकडे जातं. गावात हे कळायला वेळ लागत नाही.

बोलका_पडदा
मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून वाचणारं सॉफ्टवेअर) वापरतो, फोनवर टॉकबॅक. तुलनेचे तक्ते माझ्यासाठी बहुतेक वेळा निरुपयोगी असतात, का ते सांगतो. हिरवी टिक ही चित्र असते आणि तिला नाव दिलेलं नसतं, मला फक्त 'इमेज, इमेज, इमेज' ऐकू येतं. दुसरं, तक्ता खरा टेबल टॅगने न करता नुसते डबे रचून केलेला असतो, मग मी मधल्या रकान्यावर गेलो की 'सातशे पन्नास' एवढंच ऐकू येतं, कशाचे आणि कुठल्या मिक्सरचे ते नाही. शीर्षकाचे रकाने टीएच आणि स्कोप या एचटीएमएलच्या खुणा लावून नीट केले तर प्रत्येक रकान्याबरोबर वस्तूचं नाव आणि ओळीचं नाव वाचलं जातं. टिकच्या जागी 'आहे' असा शब्द लिहा. आपल्याकडे याचं मानकही आहे, आयएस १७८०२. मला पण मिक्सर स्वतः निवडायचा असतो, दरवेळी घरच्यांना वाचून दाखवा म्हणायला नको वाटतं.

रेघोटी
@बोलका_पडदा, मनापासून धन्यवाद. टिक आणि फुली पूर्ण काढते, शब्दच ठेवते. नवा तक्ता बनला की तुम्हाला लिंक पाठवली तर एकदा ऐकून सांगाल का?

बोलका_पडदा
नक्की. फक्त रेकॉर्डिंग करून पाठवीन, लिहिण्यापेक्षा ते ऐकलेलं जास्त कळेल तुम्हाला.

डेटा_मामा
फोनच्या रुंदीचं राहिलं. पुष्कळ साधे फोन ३६० पिक्सेल रुंद धर. ओळीच्या नावाचा कॉलम ११० चा केलास तर उरले २५०, दोन वस्तूंना १२५ प्रत्येकी. देवनागरीत 'कंपनीने माहिती दिलेली नाही' हे १२५ मध्ये तीन ओळींत मोडतं. म्हणून फोनवर ओळीचं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवूच नकोस, पूर्ण रुंदीची बारीक पट्टी कर आणि तिच्याखाली दोन रकाने, १८० चे. फोनवर दोनच वस्तू, तिसरी बघायची असली तर वरच्या नावावर दाबून अदलाबदल. वस्तूंची नावं आणि किमती पोझिशन स्टिकीने वर चिकटलेल्या हव्यात, खाली गेल्यावर डावा कुठला उजवा कुठला हे विसरायला होतं. हेडिंगला उंची कमी ठेव, नाहीतर अर्धा स्क्रीन तोच खातो, पण इतकीही कमी नको की मात्रा-वेलांट्या कापल्या जातील.

कुटाची_वाटी
आणि व्हॉट्सॅपवर पाठवता आलं पाहिजे! मी निवडते, पैसे मुलगा भरतो, तो पुण्यात. सध्या मी स्क्रीनशॉट पाठवते, त्यात अर्धा तक्ता तुटलेला.

डेटा_मामा
निवडलेल्या वस्तूंचे आयडी यूआरएलमध्येच ठेवले की झालं. लॉगिन न करता लिंक उघडेल आणि मुलाला तोच तक्ता दिसेल.

विजापूर_रोड
हे चांगलं आहे. आणि प्रिंटचं पण करा, वडील कागद हातात घेतल्याशिवाय बोलत नाहीत.

रेघोटी
मालकांशी बोलून घेतलं. पहिल्या टप्प्यात फक्त मिक्सर आणि प्युरिफायर, कारण शीट साफ करायला माणूस एकच आहे. वर आठ ओळी, बाकी घडीत, वायर घडीत पण वर ओढता येईल @विजापूर_रोड. चटणीच्या भांड्यात कमीत कमी किती वाटलं जातं ते दुकानात दाणे आणि मिरची घालून मोजणार, त्या ओळीखाली 'आमच्या दुकानात तपासलं' असं लिहिणार, कंपनीचा आकडा नाही हे कळायला हवं. प्रायोजित कॉलमला मालक नाहीच म्हणाले. आता आठापैकी सात ओळी ठरल्यात, आठव्यावर अडलेय. रिव्ह्यूचे तारे घेऊ का?

मार्केटवाला
तारे घ्या, लोक तेच बघतात.

शेवंती
पाच जणांनी दिलेले ४.८ आणि दोन हजार जणांनी दिलेले ४.२ शेजारी ठेवले तर गल्लत होते. घेतलेत तर किती जणांनी दिलेत तो आकडा तितक्याच मोठ्या अक्षरात.

काउंटरवरून
ताई, आठवी मी सांगतो. पैसे काढायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाईक शेवटचं एकच विचारतं, 'बिघडला तर कुठं न्यायचा?' चंदगडचा माणूस कोल्हापूरला मिक्सर घेऊन येणार नाही दुरुस्तीला, एसटीत दिवस जातो त्याचा. एखाद्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्याच्या तालुक्यात असलं आणि दुसरीचं नसलं तर शंभर-दोनशे वॅट इकडे तिकडे झाले तरी तो पहिलीच घेतो, आणि बरोबर करतो. ही ओळ कंपनीच्या शीटमध्ये नसणार, असली तरी टोल फ्री नंबर असणार.

वऱ्हाडी_ठेचा
काका एक नंबर. टोल फ्रीवाले अमरावतीला बोलावतात अन अमरावतीवाले म्हणतात पार्ट नागपूरहून येईल.

कुटाची_वाटी
आणि भांडं वेगळं विकत मिळतं का, रबरी वायसर मिळतो का, हे पण त्याच ओळीत. मिक्सर धडधाकट असतो, वायसरसाठी अडून बसतो.

रेघोटी
हीच घेते आठवी. तारे घडीत जातील. पिनकोड डिलिव्हरीसाठी आपण विचारतोच, तोच वापरून 'सगळ्यात जवळची दुरुस्ती: अमुक गाव, इतके किलोमीटर, वायसर-भांडी मिळतात' असं दाखवता येईल. फक्त हा डेटा आणायचा कुठून ते बघावं लागेल, कंपन्यांच्या याद्या जुन्या असतात, बंद झालेली सेंटरं पण त्यात असतात.

डेटा_मामा
शेजारी 'शेवटचं तपासलं' म्हणून महिना लिही. आणि पिनकोड टाकलेला नसेल तेव्हा त्या ओळीत पिनकोडचाच रकाना दाखव, तिथल्या तिथे भरता येईल.

काउंटरवरून
कोल्हापूर आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतले मेकॅनिक आमच्या वहीत आहेत, कोण कुठली कंपनी करतो आणि कोणाकडे पार्ट असतात ते सकट. गडहिंग्लज, चंदगड, जतचे नंबर मागच्या दिवाळीत बदललेत, ते फोन करून खात्री करावे लागतील. तुम्ही दुकानाचं नाव मेसेजमध्ये कळवा, मालक ओळखीचे असले तर वही पाठवून देतो, नाहीतर मीच बसून टाईप करून घेतो कुणाकडून तरी.